सांगितलं तेवढंच



मागच्या महिन्यातला निरोप आठवत असेल. "रविवारी महाप्रसाद आहे. येताना प्रत्येकाने घरून एक ताट आणावे." पत्रावळींचा कचरा नको, ज्याने त्याने आपलं जेवायचं ताट आणावं आणि धुऊन घरी न्यावं, एवढाच आमचा हेतू. रविवारी साडेबाराला पाहतो तर १७ घरांतून रिकामी ताटं आलेली आणि २३ घरांतून भरलेली! वरण-भात, मटकीची उसळ, कोशिंबीर, लिंबाची फोड. एका काकूंनी तर पुरणावरणाचा नैवेद्य वाढून, वर केळीचं पान झाकून, रिक्षात मांडीवर धरून आणला होता. इकडे १५० पानांचा स्वयंपाक तयार, त्यात ही २३ ताटं. शिवाय ज्यांचं ताट भरलेलं, त्यांना जेवायला ताटच नाही. त्या काकू पुरणाचं ताट हातात धरून पंगतीच्या टोकाशी उभ्या होत्या आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसत होतो. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तेच फोटो फिरत होते.

असे प्रकार आपल्याकडे नवीन नाहीत. सप्ताहात समईची सेवा एका दहा वर्षांच्या मुलाकडे दिली होती. त्याला सांगितलं, "दर दहा मिनिटांनी तेल घालायचं, विसरायचं नाही." पोरगा घड्याळ समोर ठेवून बसला. दर दहा मिनिटांनी तेल. समई भरली, तबक भरलं, तेल सतरंजीवर उतरलं, तरी त्याची पळी चालूच. विचारलं तर म्हणाला, "थांबायचं कधी ते कुठे सांगितलं होतंत?" ती सतरंजी तीनदा धुतली, अजून पाय घसरतो.

बालवर्गाच्या निरोपात आम्ही एकदा लिहिलं होतं, "उशिरा येणाऱ्या मुलांना शिक्षा मिळेल." शिक्षा कसली, पाच नमस्कार जास्त. आपल्या इंदूरच्या घरांतून आता कितीतरी सुना हिंदी घरांतल्या आहेत, आणि आपले मराठी निरोप त्या मन लावून वाचतात. त्यांतल्या एकीने मुलाला मुद्दाम अर्धा तास उशिरा आणलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. वेळेवर येणाऱ्यांना नुसतं खेळवतात आणि उशिरा येणाऱ्यांना काहीतरी खास शिकवतात, असा तिचा समज झाला. न्यायला आली तेव्हा बिचारी काळजीने विचारत होती, "याला आज शिक्षा मिळालीच नाही का?"

आणि हैदराबादला नोकरीवर गेलेल्या आपल्या एका मुलाचं तूप तर तुम्हाला माहीतच आहे. आईने फोनवर शिरा सांगितला, "आधी तूप पातळ कर, मग रवा घाल." थंडीचे दिवस, तूप दगड झालेलं. आमटी दाट झाली की आपण पातळ करतो कशी? पाणी घालून. त्यानेही घातलं वाटीभर पाणी आणि गॅस मोठा केला. भिंतीवरचे डाग अजून आहेत म्हणे.

अशा माणसाला आपण सांगकाम्या म्हणतो आणि म्हणताना थोडं हसतोच. पण हे चारही प्रसंग शांतपणे पुन्हा वाचून बघा. ऐकणाऱ्याने जे केलं ते शब्दांत होतंच की. चूक कोणाची धरायची?

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता, आणि गंमत म्हणजे त्यांची उदाहरणंही स्वयंपाकघरातली, अंगणातली आहेत. घरधनी बाहेर जाताना नोकराला सांगतो, कावळ्यांपासून दही सांभाळ. नोकर काठी घेऊन बसतो, एकाही कावळ्याला फिरकू देत नाही. मग कुत्रं येतं आणि दही चाटून जातं. नोकर बघत राहतो, कारण कुत्र्याचं काही सांगितलेलं नाही. शास्त्रकार म्हणतात, इथे कावळा म्हणजे दही नासवणारं जे जे काही असेल ते सगळं. आणखी एक उदाहरण सैंधवाचं. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधदेशीचा घोडाही. धनी पानावर बसलेला असताना "सैंधव आण" म्हणाला तर घोडा ओढत आणायचा नसतो, एवढं तरी कळायला हवं. तिसरं तर फारच कडक आहे. मित्र चिडून म्हणतो, विष खा पण त्याच्या घरी जेवू नकोस. याचा अर्थ विष खा असा कोणी घेईल का? शास्त्रग्रंथांतून ही उदाहरणं पिढ्यान्पिढ्या चघळली गेली, कारण मुद्दा गंभीर होता. वेदाची आज्ञा असो की वडिलांची, ती शब्दांत येते, आणि शब्द कधीच पुरे पडत नाहीत. दही नासवणाऱ्या सगळ्या प्राण्यांची यादी कोण करणार? उरलेलं ऐकणाऱ्याने भरून काढायचं असतं.

याचा उलटा पुरावा आपण कचेऱ्यांतून पाहिलेला आहे. कर्मचाऱ्यांना संप करायचा नसतो पण काम तर अडवायचं असतं, तेव्हा ते 'नियमानुसार काम' असं आंदोलन करतात. म्हणजे काय, तर प्रत्येक नियम अक्षरन्अक्षर पाळायचा. एकही नियम मोडत नाहीत आणि तरी सगळं ठप्प होतं! एरवी काम चालतं ते मधल्या मोकळ्या जागा माणसं आपल्या समजुतीने भरतात म्हणून.

आता इथे कोणी म्हणेल, झालं तर मग, शब्द सोडा आणि अर्थ धरा. पण अर्थ धरायचा म्हणजे काय, हे आपण आपल्याच घरात बघावं. एकादशीला अन्न नको, याचा अर्थ आपण काय लावला? साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावर केलेली आहे. रोज सकाळी जप करा म्हटलं तर सकाळ म्हणजे आपण उठू ती. (हे लिहिणाऱ्यांपैकी एकाची सकाळ रविवारी साडेदहाला होते, नाव सांगत नाही.) आणि अजून एक. स्वतःसाठी आपण नेहमी अर्थ धरतो, दुसऱ्यासाठी मात्र शब्द. सासूबाईंचा जप रिक्षात बसून झाला तर चालतो, सुनेने मात्र आसनावर बसूनच करायला हवा. म्हणून शब्दाला चिकटून राहणाऱ्या माणसाला आम्ही मूर्ख म्हणायला तयार नाही. पुष्कळदा तो आपल्यापेक्षा प्रामाणिक असतो. पळवाट दिसत असूनही तो ती घेत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण मात्र ताटाचं नाही. आषाढी एकादशीला जे झालं ते आम्ही तेव्हा ग्रुपवर टाकलं नाही. आता त्या आजींच्या परवानगीने सांगतो आहोत.

एकादशीच्या आदल्या दिवशी आमचा निरोप गेला होता. "उद्या सर्वांनी कडकडीत उपास करावा. फराळाचे पदार्थही टाळावेत." सर्वांनी. हा शब्द आम्हीच लिहिला, आणि लिहिताना कोणाचाही चेहरा आमच्या डोळ्यांपुढे नव्हता. आपल्या परिवारातल्या एक आजी, वय ७४, यांना बरीच वर्षं साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी त्यांना बजावून ठेवलेलं, "गोळी एकही दिवस चुकवायची नाही." आजींनी दोन्ही पाळलं. सकाळी उठून स्नान केलं, गोळी घेतली आणि पोटात कण जाऊ दिला नाही. गोळीचं काम साखर खाली आणण्याचं, ते तिने केलं. वर काही आलंच नाही. साडेअकराला नात खोलीत गेली तर आजी देवासमोर घामाने निथळत बसलेल्या, हात थरथरत होते आणि बोलणं असंबद्ध. नात शहाणी. आजी शुद्धीवर होत्या, घोट गिळत होत्या, तेव्हा तिने ताबडतोब पाण्यात साखर विरघळवून पाजली आणि मग डॉक्टरांकडे नेलं. आज आजी बऱ्या आहेत. अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर काय, हा विचार आमच्यातल्या कोणालाच अजून पुरता करवत नाही.

आम्ही तिघे त्यांना भेटायला गेलो. सरळ विचारलं, "आजी, एक फोन का नाही केलात? आम्ही नाही म्हटलं असतं का?"

आजी म्हणाल्या, "अरे, दोघांचंही ऐकलं मी. कोणाचं मोडलं सांगा."

कोणाचंच मोडलं नव्हतं.

मग थोड्या वेळाने, नातीला चहा टाकायला सांगून, त्या हळूच म्हणाल्या, "विचारणार होते मी. पण आदल्या रात्री कोणीतरी विचारलं होतं ना ग्रुपवर, चहा चालेल का म्हणून. काय हसलात रे तुम्ही सगळे. म्हटलं, आता मी गोळीचं विचारलं तर म्हणतील, म्हातारी पळवाट शोधतेय."

घरी येऊन आम्ही ग्रुप उघडून मागे गेलो. खरंच होतं. "उद्या चहा चालेल का?" असा एक साधा प्रश्न, आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कोणी लिहिलं होतं, "चहाभक्त!" कोणी लिहिलं होतं, "विचारतोय म्हणजे मनात पाप आहे." त्या रांगेत आमचेही चेहरे होते. आम्ही मोजले.

आम्ही हसलो होतो ते चहावर. आजींनी त्यातून घेतलं ते असं, की या परिवारात विचारणं म्हणजे भक्ती कमी असल्याचं लक्षण. आणि हे त्यांनी चुकीचं घेतलं असं म्हणायला आम्हाला तोंड नाही. ताटाच्या वेळी पुरणाचं ताट धरून उभ्या असलेल्या काकू तरी काय शिकल्या असतील? पुढच्या वेळी निरोप कळला नाही तर त्या विचारतील, की गप्प बसून काहीतरी करतील? सांगकाम्यावर आपण हसतो, विचारणाऱ्यावरही हसतो, आणि मग लोक विचार न करता सांगितलं तेवढंच करतात याचं आश्चर्य करतो.

महाभारतातली कुंती आठवते का? मुलं द्रौपदीला घेऊन दारात आली आणि म्हणाली, आई, भिक्षा आणली आहे. कुंती आत होती. न बघताच म्हणाली, सगळे मिळून घ्या. मग बाहेर येऊन बघते तर काय. स्वतः कुंतीच घाबरली, पण शब्द गेला होता आणि मुलांनी तो खाली पडू दिला नाही. त्यानंतर धर्माधर्माचा केवढा खल झाला, व्यासांना येऊन समजूत घालावी लागली. मुलांनी शब्द किती धरावा यावर आजवर खूप बोललं गेलं आहे. आम्हाला मात्र हल्ली तिचं ते न बघता बोलणंच आठवतं. मोबाईलवर निरोप लिहिताना आपणही आतच असतो. दारात कोण उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, ते दिसत नाही. इथून एकच निरोप सुटतो आणि बेळगावच्या जवान मुलाला, बडोद्याच्या गरोदर लेकीला आणि इथल्या ७४ वर्षांच्या आजींना एकाच क्षणी पोचतो.

झालेला प्रकार आम्ही गुरुजींच्या कानावर घातला. वाटलं होतं, निरोप कोणी लिहिला असं विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "भेटायला कोण गेलं? आणि केव्हा?" आम्ही म्हटलं, तिसऱ्या दिवशी. त्यावर ते काही बोलले नाहीत.

ते न बोलणं मनात राहिलं, म्हणून आम्ही आरुणीची गोष्ट पुन्हा काढून वाचली. आपल्या सत्संगात गुरुआज्ञा म्हटलं की आरुणी आणि उपमन्यू आलेच. आयोद धौम्य ऋषींनी आरुणीला सांगितलं, शेताचा बांध फुटलाय, अडव जा. त्याला पाणी अडेना, तेव्हा तो स्वतःच तिथे आडवा झाला. ही गोष्ट आपण शब्दशः आज्ञापालनाची म्हणून सांगतो, पण गुरूंनी कुठे सांगितलं होतं आडवा हो म्हणून? पाणी अडवायचं आहे हे त्याला कळलं आणि उपाय त्याने स्वतः शोधला. दहा मिनिटांनी तेल घालणारा तो नव्हे.

आणि गोष्टीचा दुसरा भाग आम्ही इतकी वर्षं घाईघाईने सांगत आलो. आरुणी दिसत नाही हे गुरूंच्या लक्षात आलं. त्यांनी इतर शिष्यांना विचारलं, तो गेला कुठे? ते म्हणाले, आपणच नाही का धाडलंत बांधावर? तेव्हा धौम्य उठले आणि त्याला हाका मारत शेतावर गेले. उपमन्यूचंही तसंच. त्याला भिक्षेचं खायला मनाई केली, मग दुसऱ्यांदा भिक्षा मागायला मनाई, मग गाईंच्या दुधाला, मग वासरांच्या तोंडच्या फेसालाही. प्रत्येक बंदी त्याने अक्षरशः पाळली आणि प्रत्येक वेळी बंदीत न आलेलं काहीतरी शोधलं. शेवटी भुकेने रुईची पानं खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. (लहानपणी आम्हाला ही गोष्ट विनोदी वाटायची.) संध्याकाळ झाली, उपमन्यू आला नाही. तेव्हा धौम्य म्हणाले, मी त्याला सगळंच बंद केलंय, तो रागावला असणार. आणि रानात जाऊन त्याच्या नावाने हाका मारू लागले. विहिरीतून ओ आली. एवढी मोठी तपश्चर्या असलेला गुरू, आणि शिष्य परतला नाही तर पहिला विचार करतो की माझ्याच सांगण्याचं काहीतरी झालं. आम्ही निरोप पाठवला आणि निळ्या खुणा मोजल्या.

विचारण्याबद्दलही एक जुनी गोष्ट आहे, छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातली. आत्मा म्हणजे काय हे शिकायला इंद्र आणि विरोचन दोघेही प्रजापतीकडे गेले, ३२ वर्षं राहिले. प्रजापतीने त्यांना नटूनथटून पाण्यात बघायला लावलं आणि म्हणाला, हाच आत्मा. दोघेही समाधानाने निघाले. विरोचनाने ते जसंच्या तसं घेतलं, घरी जाऊन आपल्या लोकांना सांगितलं, हे शरीर म्हणजेच आत्मा, याचीच पूजा करा. इंद्र मात्र अर्ध्या वाटेत थांबला. मनाशी म्हणाला, शरीर आंधळं झालं तर पाण्यातलंही आंधळं दिसेल, शरीर गेलं तर तेही जाईल, मग यात मिळवलं काय? तो समिधा हातात घेऊन परत आला. प्रजापतीने पुन्हा ३२ वर्षं ठेवून घेतलं. असं करत करत इंद्राची १०१ वर्षं झाली. इतक्यांदा परत येणाऱ्याला प्रजापती एकदाही हसला नाही. तिथे आपला ग्रुप असता तर दुसऱ्या फेरीलाच, "हा बघा, पुन्हा आला!"

तर आम्ही एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. उपासाच्या निरोपात 'सर्वांनी' हा शब्द यापुढे येणार नाही. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपास करायचा की नाही आणि औषध कसं घ्यायचं हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, हे ठळक लिहिलं जाईल. प्रत्येक निरोप पाठवण्याआधी आम्ही तो समईवाल्या मुलाला वाचायला देतो. त्याला सांगितलंय, यातून जितका वाकडा अर्थ काढता येईल तितका काढ. पोराला हे काम फार आवडलंय. गेल्या आठवड्यात "सर्व माता-भगिनींनी फुले घेऊन यावे" यावर त्याचा प्रश्न होता, "म्हणजे बाबा लोकांनी यायचंच नाही का?" पुढच्या ताटाच्या निरोपातही त्याने 'रिकामे' हा शब्द घालायला लावला आहे. आणि ग्रुपवरच्या प्रश्नाखाली हसणारा चेहरा दिसला तर आम्ही त्या व्यक्तीला वेगळा फोन करतो. दोनदा करावा लागला. एकदा आमच्यातल्याच एकाला.

या वेळच्या एकादशीच्या निरोपाखाली आम्ही एक ओळ घातली होती, "काहीही शंका असल्यास आधी फोन करून नक्की विचारावे." दशमीला सकाळी सहाला फोन वाजला. आजी!

"हं, विचारायला फोन केलाय."

"विचारा ना आजी."

"काय विचारू?"

"म्हणजे? गोळीचं काही..."

"ते डॉक्टरांना विचारून झालं. ते म्हणाले, तुम्ही उपास नाही करायचा, जेवूनच गोळी घ्यायची. मी ठीक म्हटलं. पण तुम्ही लिहिलंय ना, नक्की विचारावे. म्हणून म्हटलं विचारावं. आता काय विचारायचं ते तुम्ही सांगा."

आम्हाला काही सुचेना. शेवटी आम्हीच विचारलं, "आजी, आज नाश्त्याला काय केलंय?"

"पोहे टाकतेय," आजी म्हणाल्या. "या."

आम्ही ते शब्दशः घेतलं. पावणेसातला तिघेही त्यांच्या दारात होतो.